संगीत शिक्षण, चार ओळींत

फॉर्मवर त्यासाठी चार ओळींची जागा सोडली होती. वर छापलं होतं, 'संगीत शिक्षण आणि प्रभाव'. हर्षिताने माझ्या गच्चीवर पत्र्याखाली बसून, सॅक्सोफोनची पेटी मांडीवर आडवी घेऊन ती जागा भरली. मी तेव्हा लहान मुलांना एकच सूर लांबवायला बसवलं होतं. त्या गोंगाटातच तिने मला वाचून दाखवलं.

"नवव्या वर्षापासून येलहंक्याच्या गुंडोरावांकडे शिकले. सात वर्षं त्यांच्या वालगात, लग्नांत वाजवते. जॅझ आधी फोनवर ऐकून आणि गेली दोन वर्षं या शाळेत शिकते आहे. प्रभाव म्हणाल तर सगळ्यात आधी पुरोहिताच्या बोटाचा."

"शेवटचं काढ," मी म्हणालो. "लोक हसतील."

"हसू देत की, अण्णा. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. तो गुंडोराव मीच. आमच्या बेंगळुरूकडे लग्नात जे वाजतं त्याला वालग म्हणतात. पूर्वी त्यात नागस्वर, म्हणजे दक्षिणेकडची लांब सनई, असायचं, आता पुष्कळ ठिकाणी सॅक्सोफोन असतो आणि सोबतीला डोलू नावाचा ढोल आणि टाळ. नवरा मंगळसूत्र बांधायला वाकला की पुरोहित एक बोट वर करून हवेत फिरवतो आणि 'गट्टीमेळा, गट्टीमेळा' म्हणून ओरडतो. मग आम्ही जे वाजवत असू ते तिथल्या तिथे सोडून, छातीत असेल तेवढ्या जोराने वाजवत सुटायचं. त्या क्षणी कुणी शिंकलं, कुणी वाकडं बोललं, तर ते नवरानवरीच्या कानी पडता कामा नये. गाठ बसली, अक्षता पडल्या, की मघाचं गाणं जिथे सोडलं त्याच सुरावर पुन्हा उचलायचं. पाचशे माणसांच्या कलकलाटात पुरोहिताचा आवाज पोचत नाही, म्हणून वाजवणाऱ्याचा डोळा सतत त्याच्या बोटावर. स्वतःच्या बोटांकडे बघायची सवय मी मुलांना लागूच देत नाही.

हर्षिता माझ्याकडे आली तेव्हा तिच्या आईला वाटलं होतं, मुलगी पेटी शिकेल, दोनचार भजनं म्हणेल. पोरगी कोपऱ्यातल्या सॅक्सोफोनकडे बोट दाखवून म्हणाली, "ते." मी तिला सहा महिने ते तोंडाला लावू दिलं नाही. आधी गळ्याने गायचं. गळ्यातून निघत नाही तो सूर पितळेतून कसा निघेल? इतर मुलं या सहा महिन्यांत कंटाळून कराटेला जातात. ही रोज आली, आणि रोज विचारायची, "आज?" मी म्हणायचो, "स्वल्प थांब." सातव्या महिन्यात तिने विचारलंच नाही, सरळ उचलून फुंकलं. आवाज म्हशीसारखा आला, पण सूर बरोबर होता.

तेराव्या वर्षी पहिल्यांदा तिला कल्याण मंटपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, वाजवायला बसवलं. त्या दिवशी पुरोहिताच्या नाकावर माशी बसली आणि त्याने ती हाकलायला बोट फिरवलं. झालं! हर्षिताने गट्टीमेळा सुरू केला. मंगळसूत्र अजून ताटात, नवरी पदर सावरतेय, आणि शंभर जणांनी अक्षता फेकल्या. माझ्याकडे बघून डोलूवाल्या येसाजीने डोळे मोठे केले. मी टाळ उचलून मान हलवली, तसा तोही सुरू झाला. थांबलो असतो तर पोरीची चूक सगळ्या मंडपाला दिसली असती. नवऱ्याने घाबरून घाईघाईत गाठ मारली. पुरोहित आमच्याकडे रागाने बघत मंत्र म्हणत राहिला. जेवताना येसाजी तिला म्हणाला, "अक्का, त्या माशीचंही लग्न लागलं बघ आज." ती रडता रडता हसली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली.

पंधराव्या वर्षी एक दिवस तिने तिच्या फोनची वायर माझ्या कानात खुपसली. "हे ऐका." कुणीतरी सॅक्सोफोनच वाजवत होतं, पण असा की मी जागचा हललो नाही. गाणं सुरू झालं, मग त्याने ते सोडलं, दूर कुठेतरी भटकून आला, आणि नेमका सोडल्या जागी येऊन उभा राहिला.

"याला पुरोहित कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. ते एकमेकांकडे बघतात."

तेव्हापासून तिने फोनवरचे ते तुकडे ऐकून ऐकून बसवले. एक तुकडा पन्नास वेळा, शंभर वेळा. मला त्यातलं शास्त्र येत नव्हतं. मी फक्त विचारायचो, "हा इथे श्वास कुठे घेतो?" मग ती परत ऐकायची. दोन वर्षांपूर्वी बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीतल्या जॅझ शाळेत तिने परीक्षा दिली आणि तिला घेतलं. आणि यंदा, फेब्रुवारीतल्या वार्षिक कार्यक्रमात एकटीने आठ मिनिटं वाजवण्याचा मान तिला मिळाला. शाळेत साठ मुलं, आणि एकल वाजवणारं एकच. बाहेरगावचे वादक ऐकायला येतात, तिथून पुढची दारं उघडतात. तो फॉर्म त्या कार्यक्रमाच्या पुस्तिकेसाठी होता.

चार दिवसांनी फॉर्म परत आला. लग्नाची ओळ आणि पुरोहिताचं बोट, दोन्ही खोडलं होतं. माझ्या नावावरही काट होती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कर्नाटक संगीताचे शास्त्रीय शिक्षण'.

"हे चांगलंय की," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. माझ्या शिकवण्याला शास्त्रीय आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"तुम्ही मला शास्त्रीय कधी शिकवलंत?" हर्षिता म्हणाली. "पुरणाच्या वाफेत बसून शिकले मी. पाहुणे पायावर पाय देऊन जात होते तिथे."

तिने नवा फॉर्म आणला आणि पहिलाच मजकूर शब्दन् शब्द लिहून दिला. तोही परत आला. तिने तिसरा दिला.

त्या शनिवारी तिने मला तालमीला नेलं. शाळेचे प्रमुख गुरुदत्त हे पुण्याचे, परदेशात शिकून आलेले. चाळिशीचे असतील. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, "काका, आरामात बसा," म्हणाले. स्टेजवर हर्षिता पुढे, मागे बाकीची मुलं, त्यात दुसरा सॅक्सोफोनवाला प्रणीत. गाणं अगदी संथ होतं. ती असं वाजवत होती की मी श्वास मोजायचा विसरलो. शेवटच्या सुराच्या आधी जरा थांबून तिने तो खालून ओढत आणला, आमच्याकडे नागस्वरवाले आणतात तसा. गुरुदत्तांनी लिहिता लिहिता मान वर केली.

आणि मग त्यांनी आवाजवाल्या माणसाला खूण केली. 'जरा वाढव' अशी. एक बोट वर, हवेत गोल.

हर्षिताने गट्टीमेळा सुरू केला.

पूर्ण जोराने. संथ गाणं जागच्या जागी सोडून. माझेही दोन्ही हात टाळ शोधायला मांडीवरून उचलले गेले. टाळ जवळ नव्हते म्हणून निभावलं. दोन सेकंदांत तिला कळलं आणि ती थांबली.

"अक्षता कुठायत रे?" प्रणीत मागून म्हणाला.

मग जे हसणं उठलं ते थांबेचना. कुणी 'कल्याण मंटप!' म्हणून ओरडलं, कुणी जेवणाची पंगत विचारली. हर्षिता लाल झाली, पण तिने मान खाली घातली नाही. तिने सॅक्सोफोन पुन्हा तोंडाला लावला आणि मघाचं गाणं जिथे सोडलं होतं त्याच सुरावर उचललं. हसणाऱ्यांना ते कळलंही नसेल. ड्रमवरच्या मुलीला कळलं, ती लगेच मागोमाग आली.

गुरुदत्त हसले नव्हते. तालीम संपल्यावर त्यांनी तिला माझ्यासमोरच सांगितलं. "कार्यक्रमापर्यंत एकही लग्न वाजवायचं नाही. एकही नाही. आणि तो फॉर्म मी लिहिलाय तसाच जाईल. नसेल मान्य तर सोलो प्रणीत वाजवेल. सोमवारी सांग."

"आत्ता सांगते, सर," ती म्हणाली. "येत्या गुरुवारी येलहंक्यात लग्न आहे. मी सुपारी घेतलीय. आणि फॉर्म मी लिहिलाय तसा."

"सोमवारी सांग," ते पुन्हा म्हणाले.

परत आम्ही बसने निघालो. हेब्बाळला उतरताना ती म्हणाली, "चूक झाली माझी. पण चूक कुठून आली तेही माझंच आहे."

मी रात्रभर विचार केला, आणि मला शहाणपण सुचलं असं मला वाटलं. सोमवारी सकाळी मी एकटाच दोन बस बदलून बेळ्ळंदूरला गेलो. गुरुदत्तांच्या खोलीत बसून म्हणालो, "साहेब, माझं नाव काढा. मी सांगतो काढायला. पोरीचा हट्ट आहे, पण तिची आठ मिनिटं घेऊ नका."

ते टेबलावरची पेन्सिल फिरवायला लागले.

"काका, मला तुमच्याबद्दल आदर नाही असं नाही," ते म्हणाले. "मी बाहेर शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच वर्गात मला विचारलं, तुझ्याकडे पुंगी आहे का? साप आणलास का? चार वर्षं मी नुसता तोच डाग धूत होतो. आता आमच्या मुलांना कुणी बँडबाजावाले म्हणू नये, बस एवढंच."

"लग्नात वाजवणं हा डाग आहे?"

"माझ्यासाठी नाही हो. ऐकायला येतात त्यांच्यासाठी."

मी वाद घातला नाही. आयुष्यभर मी मंटपाच्या कोपऱ्यात बसलोय, मला कोपऱ्याची सवय आहे. "सरी, ठीक आहे," म्हणालो. त्यांनी माझ्यासमोर फॉर्मवर सही केली आणि तो छापायला पाठवला. गुरुवारच्या लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी घरी आलो, आणि मोठं काहीतरी केल्यासारखा जेवलो.

मंगळवारी संध्याकाळी गच्चीवर मुलांचा वर्ग चालू होता. हर्षिता जिन्यातून वर आली आणि चप्पल न काढताच उभी राहिली. तिला कधी असं पाहिलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही बेळ्ळंदूरला गेला होतात?"

"गेलो होतो."

"कुणाला विचारून?"

आठ वर्षांच्या स्मृतीने अर्ध्या सुरात तोंड उघडंच ठेवलं.

"तुझ्या भल्यासाठी, हर्षी. माझ्या नावाचं काय एवढं? नाव माझं, मी काढलं."

"नाव तुमचं आहे, सरी. पण शिकले ती मी. माझं शिकणं तुम्ही कसं खोडता?"

ती स्मृतीकडे वळली.

"स्मृती, तुला कोण शिकवतं?"

"गुंडोअण्णा."

"आणि कुणी छापलं की ते शिकवत नाहीत, तर?"

"खोटं."

"आणि अण्णाच म्हणाले तर?"

स्मृतीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, भिडेखातर तरी गप्प बसेल. "मग अण्णा खोटं बोलले," ती म्हणाली.

कोपऱ्यात डोलूची वादी आवळत बसलेला येसाजी खोकला. तो हसू दाबायचा खोकला होता.

"मुलांसमोर तू मला..." मी सुरू केलं.

"मुलांसमोरच," हर्षिता म्हणाली. "उद्या यांनाही कुणीतरी फॉर्म देईल. तेव्हा ही काय लिहितील? पत्र्याखाली बसलो होतो, पण कुणाला सांगू नका?"

चाळीस वर्षं शिकवतोय. मुलांची चूक झाली तर मी ओरडत नाही, पुन्हा वाजवून दाखव म्हणतो. त्या संध्याकाळी मला तेच कुणीतरी म्हणावं असं वाटलं. मी चटईवर बसलो आणि विचारलं, "आता काय करायचं?"

"पुस्तिका छापून झाल्यात. चारशे," ती म्हणाली. "गुरुवारी लग्न आहे, ते वाजवू. रविवारी कार्यक्रम आहे, दोन वाजता मुलांना घेऊन हॉलवर या. प्रत्येकाकडे एक पेन हवं. चालणारं."

गुरुवारचं लग्न आम्ही वाजवलं. रविवारी दोन वाजता मी, येसाजी आणि अकरा मुलं बेळ्ळंदूरच्या हॉलबाहेर पोचलो. दारापाशी लांब टेबलावर पुस्तिकांचे गठ्ठे होते. सहाव्या पानावर हर्षिताचा फोटो, खाली 'कर्नाटक संगीताचे शास्त्रीय शिक्षण', आणि त्याखाली मोकळी जागा. तिने पहिली पुस्तिका उघडली, छापलेल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि मोकळ्या जागेत हाताने लिहिलं. 'गुंडोराव, येलहंका. सात वर्षं लग्नांत वालग.' मग ती पुस्तिका टेबलावर ठेवून म्हणाली, "हे असं. ज्याला जी लिपी येते त्यात लिहा."

मुलं जमिनीवर पालथी पडून लिहायला लागली. कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत, कुणी इंग्रजीत. स्मृतीचं अक्षर पानाबाहेर जात होतं. येसाजी नुसता रेघा मारत होता, कारण त्याला चष्मा आणायची आठवण राहिली नव्हती. हर्षिताने एक पेन माझ्या हातात दिलं.

"तुम्ही काढलंत. तुम्हीच लिहा."

स्वतःचं नाव असं हाताने, लोकांनी वाचावं म्हणून, मी कधी लिहिलं नव्हतं. पहिली दहा अक्षरं वाकडी आली. मग हात बसला.

साडेचारला गुरुदत्त बाहेर आले. त्यांनी एक पुस्तिका उचलली, पाहिलं, दुसरी उचलली.

"हे काय चाललंय?"

"दुरुस्ती, सर," हर्षिता म्हणाली. लिहिणं थांबवलं नाही.

"माझ्या पुस्तिकेत?"

"माझ्या पानावर. बाकी एकाही पानाला हात लावलेला नाही. तपासा."

"ठीक आहे. प्रणीत!" त्यांनी हाक मारली. "सोलो तू वाजवतोयस."

प्रणीत दारातच उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या मुलांकडे पाहिलं. "सर, मला ते येत नाही," तो म्हणाला. "मी तिच्या मागे वाजवतो. तिच्या जागी उभं राहून काय वाजवू? त्या दिवशी मी हसलो, सर, पण ती परत त्याच सुरावर आली. मी आलो नसतो. घरी जाऊन करून बघितलं."

गुरुदत्तांनी हातातली पुस्तिका मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली दुसरंही काही होतं. मला वाटतं, त्यांना तो शेवटचा खालून ओढलेला सूर आठवला असेल. ते शिकवणारे होते, असा सूर शिकवणारा विसरत नाही.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"दोनशे साठ."

"पाचला दारं उघडायची. लोक खाली आलेत. उरलेल्या तशाच जातील. तू आत जा, तयार हो."

"नाही," हर्षिता म्हणाली. "एक जरी तशी गेली, तरी मी वाजवणार नाही. तुम्ही मला काढलंत तर सरी. पण मी वाजवलं तर याच नावाखाली वाजवेन."

ती उभीसुद्धा राहिली नव्हती, मांडीवर पुस्तिका ठेवून लिहीतच होती. गुरुदत्त तिच्या डोक्यावर उभे होते. खालच्या लिफ्टचा आवाज येत होता, माणसं वर यायला लागली होती. ते तसेच वळले आणि दारावरच्या माणसाला म्हणाले, "दारं सव्वापाचला." एवढंच. आमच्याकडे न बघता आत गेले.

पाच दहाला शेवटची पुस्तिका झाली. हर्षिताने हात झटकले, बोटांवरची शाई ओढणीला पुसली, आणि पळत आत गेली. आतून तिचे लांब, सपाट सूर ऐकू यायला लागले, तोंड तापवायचे.

दारं उघडली. रांगेतल्या पहिल्याच गृहस्थांनी पुस्तिका घेतली, सहावं पान उघडलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "वालग? लग्नात वाजवतात ते? ही इथे कशी?"

मी काही बोलणार तेवढ्यात स्मृती पुढे झाली. कमरेवर हात ठेवून तिने त्यांना सांगायला सुरुवात केली. वालग म्हणजे काय, डोलू कसा बांधतात, गळ्याने आधी सहा महिने का गायचं, आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात किती गरम होतं. रांग मागे थांबली होती. लोक मान उंचावून बघत होते. तिचा आवाज मोठा होता आणि ती श्वास बरोबर जागी घेत होती.

येसाजी मला म्हणाला, "गुंडोअण्णा, थांबवा हिला, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत," मी म्हणालो.